न लावलेलं दार

"नजीर, आवाज वाढव की जरा. शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे."

मानसिंगअण्णा स्टेजवरून म्हणाले आणि मी अँप्लिफायरचं बटण आणखी थोडं फिरवलं. त्यासरशी हॉलभर घुमारा उठला आणि आढ्यावर बसलेले पारवे फडफडत खिडकीतून बाहेर पडले. अण्णा खूश झाले. आमच्या कवठापूरचे ते तेव्हाचे नगराध्यक्ष. माणूस दिलदार, पण त्यांना सगळंच मोठं लागायचं. मोठी गाडी, मोठा हार, मोठा आवाज.

मी त्यांना सकाळपासून सांगत होतो की इथं माईक लावू नका.

"अण्णा, या हॉलमध्ये कर्ण्यातून बोललेलं कळत नाही. शब्दावर शब्द चढतो. तुम्ही नुसतं बोला, सगळ्यांना ऐकू जाईल."

"अरे, तुझा धंदा माईकचा आणि तूच नको म्हणतोस?" ते हसून म्हणाले. "लाव. सभा मोठी आहे."

ही पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलाणी साऊंड सर्व्हिस तेव्हा अब्बांकडून नुकतीच माझ्याकडे आली होती. अब्बा गमतीनं म्हणायचे, "आपल्या धंद्याचे दोन वैरी. एक पाऊस, दुसरा प्रजासभागृह." पावसात कर्णे भिजायचे आणि प्रजासभागृहात कर्णे लागायचेच नाहीत. त्या हॉलच्या स्टेजवर उभं राहून घरात बोलतो तसं बोललं तरी पार मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ ऐकू जायचं. मागून कुणी बोललं तर तेही तसंच पुढं यायचं. कुणी म्हणायचं भिंतीत मडकी पुरलीत, कुणी म्हणायचं छताखालच्या लाकडी तक्तपोशीची करामत आहे. अब्बांना विचारलं तर ते म्हणायचे, "बांधणाऱ्यांना एकमेकांचं ऐकायचं होतं, म्हणून ऐकू येतं." मला ते तेव्हा नुसतंच छान वाटायचं.

कवठापूर म्हणजे पूर्वीचं छोटंसं संस्थान. राजवाड्यात दरबार हॉल होता, पण तिथं रयतेनं उभं राहायचं आणि मान खाली घालायची. म्हणून गावातल्या शहाण्या माणसांनी ठरवलं, आपल्याला बसायला आपली जागा पाहिजे. नरहरपंत नावाचे एक वकील पुढं झाले आणि लोकांनी आपल्या हातांनी हे सभागृह उभं केलं. नदीतून वाळू कुणी आणली, चुना कुणी मळला, सागाच्या तुळया कुणी दिल्या. दारं तर गल्ल्यागल्ल्यांनी दिली. हॉलच्या चारी बाजूंना दारं आहेत आणि त्यातलं एक दार दुसऱ्यासारखं नाही. कोष्टी गल्लीचं दार उंच आणि सडसडीत, तेल्यांचं जाड फळ्यांचं, जैन गल्लीच्या दारावर बारीक वेलबुट्टी. आमच्या मुलाणी गल्लीचं दार हिरवं. ते माझ्या आजोबांनी डोक्यावरून वाहून आणलं असं घरात सांगायचे.

फक्त मागच्या बाजूला, पिंपळाकडं, एका जागी दारच नव्हतं. भिंतीत दगडी कमान होती आणि ती उघडी होती. ती जागा आवळे वस्तीच्या वाट्याची. गावकुसाबाहेरची ती वस्ती. तिथल्या लोकांनी कबूल केलेलं दार दिलंच नाही, असं सगळं गाव सांगायचं. त्या कमानीला 'बुडीत दार' म्हणायचे. आम्हीही लहानपणी तसंच म्हणायचो. कुणी घेतलेली गोटी परत केली नाही की म्हणायचं, "काय रे, बुडीत दार करतोस काय?" त्या मोकळ्या जागेमुळं हॉलला कधी कुलूप लागत नसे. लोक पुढच्या दाराला इमानानं कुलूप घालायचे आणि शेळ्या मागून आत येऊन बसायच्या.

त्या रविवारी दुपारी अण्णांनी नागरिकांची सभा बोलावली होती. हॉल पाडायचा आणि तिथं तीन मजली व्यापारी संकुल बांधायचं, वरच्या मजल्यावर गार हवेचं नवं सभागृह करायचं, असा नगरपालिकेचा विचार होता. लोकांची संमती मिळाली की दुसऱ्या दिवशी ठराव होणार होता. गाव अण्णांच्या बाजूचं होतं. हॉल गळत होता, तक्तपोशीला काही ठिकाणी वाळवी लागली होती, आणि नवं काहीतरी आपल्याही गावात यावं असं कुणाला वाटत नाही? मलाही वाटत होतं. नव्या सभागृहात कायमची साऊंड सिस्टीम बसवायचं काम तुलाच देतो, असं अण्णांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, निवडणुकीच्या सभा, सगळी पालिकेची कामं माझ्याकडं होती. माझं घर त्यावर चालायचं.

हॉल भरला. खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. आणि तेवढ्यात मागच्या कमानीतून आवळेबाई आत आल्या.

आवळेबाईंनी अर्धं गाव शिकवलं होतं. मला तिसरीला त्याच होत्या, अण्णांनाही त्यांनीच शिकवलेलं. आवळे वस्तीतून शिकून मास्तरीण झालेल्या त्या पहिल्या. तेव्हा सत्तरीच्या आसपास असतील. लहानखुरी मूर्ती, खांद्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. त्यांचा आवाज इतका हळू की वर्गात कुणी पेन्सिल टोकली तरी त्या थांबायच्या. छडी त्यांनी कधी उचलली नाही. आम्ही गप्प बसायचो ते त्या काय म्हणतात ते ऐकू यावं म्हणून. एका माणसानं उठून त्यांना खुर्ची दिली. कमानीजवळच, सगळ्यांच्या मागं त्या बसल्या.

सुरुवातीला कॉलेजातले खटावकर सर बोलले. ते हॉल वाचवा म्हणणाऱ्यांपैकी. त्यांनी कौलांबद्दल, तुळयांबद्दल, चुन्याच्या गिलाव्याबद्दल बरंच काही सांगितलं असावं. पण माझ्या कर्ण्यांनी त्याचा पार लगदा केला. 'वारसा, वारसा' एवढंच घुमत राहिलं. लोक जांभया द्यायला लागले. सर बिचारे घाम पुसत खाली उतरले.

मग अण्णा उठले. त्यांना माईकशी कसं बोलायचं ते माहीत होतं. तोडून तोडून, एकेक शब्द ठोकल्यासारखा.

"बंधू-भगिनींनो, जुनं ते सोनं म्हणतात. पण सोनं गळतं का? या हॉलमध्ये पाऊस आत आणि माणूस बाहेर!"

हशा झाला.

"मी तुम्हाला विचारतो, ज्या इमारतीला साधं कुलूप लागत नाही, ती कसली इमारत? अहो, हा हॉल तर अजून पुरासुद्धा झालेला नाही. एक दार अजून यायचंय! साठ वर्षं झाली, आपण वाट बघतोय. आता मात्र मी काय थांबायला तयार नाही."

हॉल खदखदून हसला. मीही हसलो असेन, नक्की आठवत नाही. सवयीचा विनोद होता. हसता हसता काही जणांचं लक्ष मागं गेलं आणि त्यांचं हसू अर्ध्यावरच राहिलं. आवळेबाई उभ्या राहिल्या होत्या.

"मानसिंग, मला बोलायचं आहे."

हे मागच्यांनी मला नंतर सांगितलं. आम्हाला पुढं ऐकू आलं नाही, कारण अण्णांचं भाषण चालूच होतं. पण अण्णांनी बाईंना पाहिलं. ते जरा अडखळले. मग माईकमध्येच म्हणाले, "बाई, बसा तुम्ही. सभा झाल्यावर मी स्वतः येतो तुमच्याकडं." आणि पुढं बोलायला लागले.

बाई बसल्या नाहीत. त्यांनी बोलायला सुरुवात केली. मला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मी स्टेजच्या कडेला, अँप्लिफायरपाशी बसलो होतो, पण अण्णांच्या आवाजाखाली बाईंचं बोलणं दबून जात होतं. मागची चार-पाच माणसं बाईंकडं वळली. त्यांनी पुढच्यांना गप्प केलं. कुजबुज वाढली. अण्णांच्या मागं बसलेले उपनगराध्यक्ष उठून त्यांच्या कानाशी लागले.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "नजीर, आवाज वाढव."

माझा हात बटणावर होताच. आता कुणी मला विचारतं की तेव्हा तुझ्या मनात काय आलं, तेव्हा मी खरं तेच सांगतो. फार काही आलं नाही. बाई बोलत होत्या आणि मला ते ऐकू येत नव्हतं, एवढंच. तिसरीच्या वर्गात बसल्यासारखं झालं. मी बटण फिरवलं, ते उलट्या बाजूला. मग मुख्य बटणच बंद केलं. कर्ण्यांतली घरघर थांबली.

अण्णांचे ओठ हलले आणि आवाज एकदम माणसाएवढा झाला. ते दचकून थांबले. त्या शांततेत, मागच्या भिंतीकडून, बाईंचा आवाज सरळ स्टेजपर्यंत आला.

"...म्हणून राग तुझ्या हसण्याचा नाही, मानसिंग. आम्ही कधी सांगितलंच नाही, तर तुला कळणार कसं?"

सगळा हॉल मागं वळला.

"अरे, माईक..." उपनगराध्यक्ष माझ्याकडं बघून म्हणाले.

"बंद पडलाय," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. माईक बंद पडलेला नाही, हे त्यांना कळलं होतं. पण ते काही बोलले नाहीत. बाई उभ्या असताना आपण बोलायचं नाही, ही शाळेतली सवय बहुतेक अंगात राहिली असावी.

"हा हॉल बांधला तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते," बाई म्हणाल्या. "शाळेत आम्हाला व्हरांड्यात बसवायचे. पाऊस तिरपा आला की पाटीवरची अक्षरं पुसून जायची. देवळात जायचा प्रश्न नव्हता. दुकानदार पुडी वरून हातात टाकायचा. तर हॉलला एकेका गल्लीनं एकेक दार द्यायचं ठरलं, तेव्हा नरहरपंत वकील स्वतः आमच्या वस्तीवर आले. आमच्याकडं कुणी मोठा माणूस तोवर आला नव्हता. त्यांनी विचारलं, 'यमाजी, तुमचं दार कोणतं?' यमाजी म्हणजे माझे वडील. पाया खणायला सगळ्यात आधी आमची वस्ती आली होती, म्हणून वकिलांना वडिलांचं नाव माहीत होतं.

"वडील म्हणाले, 'वकीलसाहेब, जरा वस्तीकडं नजर टाका.' वकिलांनी बघितलं. वस्तीत एकाही घराला दार नव्हतं. गोणपाट लावायचो आम्ही. कुत्रं आत येऊ नये म्हणून."

पुढच्या रांगांतल्या काही जणांनी खुर्च्या मागं वळवल्या.

"वकील चांगले होते. ओशाळले बिचारे. म्हणाले, 'काही हरकत नाही. मी एक दार करून घेतो आणि तुमच्या वस्तीच्या नावानं लावतो. कुणाला कळायचंही नाही.' वडील म्हणाले, 'नगं. दुसऱ्यानं क्येल्यालं दार आमच्या नावावर नगं. आन आमी आजवर जेवढी दारं बघितली, ती भायेरनंच बघितली. आमास्नी दाराचं कवतिक न्हाई. आमच्या वाटणीची जागा तेवढी उघडी ठिवा. त्येच आमचं देणं.'"

आपल्या वडिलांचं बोलणं बाईंनी त्यांच्याच भाषेत सांगितलं. आयुष्यभर शुद्ध बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून ते ऐकताना वाटलं, जणू यमाजी आवळे तिथं येऊन उभे होते.

"वकिलांनी वडिलांना हात जोडले. मग म्हणाले, 'तसंच करू.' हॉल उघडला त्या दिवशी बाकीच्या दारांत रेटारेटी. पुढं कोण, मागं कोण, मान कुणाचा. आम्ही या कमानीतून आलो. आमच्या मागोमाग गावातल्या बायका आल्या, कारण पुरुषांच्या गर्दीतून पुढच्या दारानं त्यांना येता येईना. मी वडिलांचं धोतर धरलं होतं. आत पाऊल टाकण्याआधी मी थांबले आणि त्यांना विचारलं, 'कुणाला विचारायचं?' ते म्हणाले, 'हितं कुणाला इचारायचं न्हाई.'"

 बाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"जन्मात पहिल्यांदा कुणाला न विचारता मी ज्या इमारतीत शिरले, ती ही. पुढं इथं वाचनालय झालं. वाचनालयाचा माणूस दुपारी पुढच्या दाराला कुलूप घालून जेवायला जायचा. मी मागून यायचे आणि तो परत येईपर्यंत वाचत बसायचे. कुलूप लागत नाही म्हणून तू हसलास, मानसिंग. कुलूप लागत नव्हतं म्हणून मी शिकले. आणि मी शिकले म्हणून तुला शिकवलं."

अण्णा स्टेजवर उभेच होते. त्यांच्या गळ्यातला हार त्यांनी काढून टेबलावर ठेवला.

"बहात्तरच्या दुष्काळात परगावची माणसं पोरंबाळं घेऊन आली," बाई म्हणाल्या. "तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. ती इथंच राहिली. त्यांना किल्ली मागत कुणाच्या दारात जावं लागलं नाही. एवढंच सांगायचं होतं. पाडायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा. फक्त आमचं दार बुडालं म्हणून पाडू नका. ते आम्ही दिलेलं आहे."

आणि त्या बसल्या.

उपनगराध्यक्षांना राहवलं नाही. ते उभे राहून म्हणाले, "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण या सगळ्याला पुरावा काय? दार असेल आणि निखळून गेलं असेल, चोरीला गेलं असेल. साठ वर्षांपूर्वीचं कुणी सांगावं?"

बाईंनी बसल्या जागेवरूनच उत्तर दिलं. "कमान बघा. दार होतं, तर बिजागरीची भोकं असतील."

एक-दोन माणसं उठली आणि कमानीपाशी गेली. मग आणखी काही. कोष्टी गल्लीतले आप्पा ढवळे, वयानं बाईंच्याही पुढचे, काठी टेकत गेले आणि चष्मा वर करून दगडाला नाक लावून बघायला लागले. मीही वायरी तशाच टाकून गेलो. इतक्या वेळा मी त्या कमानीतून कर्णे आत-बाहेर नेले होते, पण तिच्याकडं कधी बघितलं नव्हतं. बाकीच्या दारांच्या दगडांत खाचा होत्या, लोखंडी कड्या बसवलेल्या होत्या, खाली उंबरे होते. इथं दगड वरपासून खालपर्यंत सलग. कुठं भोक नाही, कुठं खाच नाही. उंबरासुद्धा नाही. बाहेरची फरशी सरळ आत आलेली. माणसाचा खांदा घासला तरी लागू नये म्हणून दगडाच्या कडा गवंड्यानं गोल करून ठेवल्या होत्या. एवढं काम कुणी राहून गेलेल्या जागेवर करत नाही.

लोक बाजूला झाले. बघतो तर मागं अण्णा. ते स्टेजवरून कधी उतरले कळलंच नाही. त्यांनी दगडावर हात ठेवला आणि तो हळूहळू खालपर्यंत नेला. मग दुसऱ्या बाजूनं तसाच. मग ते वाकले, खालची फरशी त्यांनी हातानं साफ केली आणि तळव्यानं चाचपली. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या बाहीला माती लागली.

आप्पा ढवळे कमानीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "माझा बाप हसायचा या जागेला. मी हसलो. माझी नातवंडंबी हसत्यात. आता घरी जाऊन काय सांगू?"

शेजारच्यानं हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं.

अण्णा बाईंसमोर आले. वाटलं, आता भाषण करतील. पण ते त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले, फरशीवरच. "बाई, मला शाळेतच का नाही सांगितलंत हे? मी तर तुमच्यासमोर पोरांना बुडीत दार म्हणून चिडवलं असेल."

"चिडवलंस की," बाई म्हणाल्या. "बऱ्याचदा."

"मग?"

"वडिलांनी सांगितलं होतं, कुणाला पटवत बसू नको. आत यायचंय त्याला कारण लागत नाही. मलाही ते पटलं होतं. आज पाडायला निघालात, म्हणून बोलले."

अण्णा उठले. स्टेजवर गेले नाहीत. तिथंच, मागच्या भिंतीपाशी उभं राहून ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "उद्या ठराव मांडत नाही. सभा संपली." ते हॉलच्या पुढच्या रांगेतल्या माणसालासुद्धा नीट ऐकू गेलं.

पण एवढ्यानं सगळं मार्गी लागलं असं नाही. संकुलाचं काम ज्यांना मिळणार होतं त्यांनी अण्णांवर दबाव आणला. पालिकेत उपनगराध्यक्षांनी निम्मे सभासद फोडले. पुढच्या निवडणुकीत अण्णा पडले. माझी पालिकेची कामं तर दुसऱ्याच आठवड्यात गेली. फोडलेल्या सभासदांच्या जोरावर उपनगराध्यक्षांनी ती परगावच्या एका पार्टीला दिली आणि कितीतरी वर्षं मी लग्नं-बारशांवर आणि उरुसावर भागवलं. अब्बा मला एकदाही बोलले नाहीत. उलट त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी स्वतः चहा केला आणि माझ्यासमोर ठेवला. आयुष्यात प्रथमच.

पण गाव बदललं. ज्या खटावकर सरांचं कुणी ऐकलं नव्हतं, त्यांच्याकडं लोक आता आपण होऊन जायला लागले. गल्लीगल्लीतून आपापलं दार दुरुस्त करायला माणसं आली. कोष्ट्यांनी आपलं दार उतरवून घासलं, तेव्हा जुन्या रंगाखाली मोरांची जोडी निघाली. आमच्या दाराला मी आणि अब्बांनी हिरवा रंग दिला. वाळवी लागलेल्या तुळया बदलायला एक सुतार आला, तो म्हणाला की असा साग आता शोधूनही मिळणार नाही, जपा. संकुल शेवटी जुन्या बाजार आवारात झालं. ते आजही आहे आणि चांगलं चालतं. हॉल मोडून दुकानं उठवायची भाषा मात्र परत कुणी केली नाही.

दुरुस्ती संपत आली तेव्हा एका सकाळी अण्णा गाडी घेऊन माझ्या दुकानाशी आले. आता ते कुणीच नव्हते, पण हॉलच्या कामात सगळ्यात पुढं होते. म्हणाले, "चल, बाईंकडं जाऊ."

बाई अंगणात शेवग्याच्या शेंगा निवडत होत्या. आम्हाला बघून त्यांनी चटई टाकली. अण्णा म्हणाले, "बाई, उद्घाटन ठरलंय. त्या कमानीवर पाटी लावायची आहे. यमाजी आवळ्यांचं नाव, वस्तीचं नाव, सगळी हकीकत. पुन्हा कुणी चुकीचं बोलायला नको. दगड मी आणलाय. पांढरा संगमरवर, चांगला मोठा."

"मोठा आणला असशीलच," बाई म्हणाल्या आणि हसल्या. मग त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या.

"नको लावू, मानसिंग."

"का, बाई? त्यांचं नाव राहायला नको?"

"पाटी लावलीस की माणसं वाचायला थांबतील. काही जण नुसतं वाचूनच परत जातील. तिथं कुणाला थांबवू नको. आत येऊ दे."

 बाईंनी आम्हाला चहा दिला, निघताना दोघांच्या हातात शेवग्याची एकेक जुडी दिली. गाडीत बसल्यावर अण्णांनी किल्ली फिरवली. मग म्हणाले, "नजीर, एवढा संगमरवर आणलाय मी. त्याचं आता काय करू?"

मी म्हणालो, "पिंपळाखाली कट्टा करा. माणसं बसतील."

त्यांनी तसंच केलं. आज बाई नाहीत आणि अण्णाही नाहीत. कट्टा आहे. संध्याकाळी गावातली म्हातारी माणसं तिथं गप्पा मारत बसतात, हॉलमध्ये गाण्याचा किंवा वक्तृत्वाचा कार्यक्रम असला की पोरं त्यावर चपला काढून ठेवतात आणि आत पळतात. गावात नवा आलेला माणूस विचारतो, एवढा सुरेख संगमरवर, यावर काहीच कसं लिहिलं नाही? मी शेजारी बसायला जागा करून देतो आणि त्याला हे सगळं सांगतो.